‘बालकाचे म्हणणे’साठी दीड ओळ

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाईंचा फोन आला तेव्हाच मी सांगितलं होतं, माझ्याकडं गोड काही नाही. त्या म्हणाल्या, “असं कसं? इतकी वर्षं लेकरांचं काम केलंत तुम्ही. पुण्याचं काम!” मी फोन धरल्या धरल्या कपाळाला हात लावला. पुण्याचं काम म्हणे. अहो, लोक आम्हाला काय म्हणतात ते एकदा येऊन ऐका. शहरातल्या निम्म्या वस्त्यांत माझं नाव ‘पोरं धरणारी बाई’ असं होतं. मी गल्लीत शिरले की आया लेकरांना दटावायच्या, “खातो का नाय? देऊ का त्या बाईला?” आणि ते लेकरू माझ्याकडं बघत मुकाट्यानं भाकर संपवायचं. माझ्या धाकानं किती लेकरांच्या अंगाला मांस लागलं असेल, त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते आजपर्यंत कळलेलं नाही. ती पाहुण्यांना सांगते, “वहिनी अनाथाश्रमात होत्या.” नव्हते हो बाई. जिल्ह्यातलं एखादं लेकरू अडचणीत आहे, त्याला मारतात, कामाला जुंपलंय, त्याचं लग्न लावतायत, असा फोन आला की आम्ही त्या घरी जायचं. बघायचं, चार लोकांना विचारायचं आणि अहवाल लिहायचा. तो अहवाल समितीपुढं जातो. समिती म्हणजे पाच माणसं. ती कोर्टासारखी बसतात आणि लेकरू कुठं राहणार ते ठरवतात. पण ती काही घरोघरी जात नाहीत, आमचा कागद वाचतात. म्हणजे त्यांचे डोळे आम्ही, कान आम्ही आणि शिव्या खायलाही आम्हीच. लेकरू घरातून काढलं तर “दुसऱ्याचा संसार मोडती,” आणि नाही काढलं आणि उद्या काही झालं तर “तवा झोपली व्हती का?” यातलं मधलं काही नसतं.

आणि गिऱ्हाइकं तरी कसली! एका गृहस्थानं सलग तीन दिवस फोन केला, लेकराचा छळ चाललाय, लगेच या. धावतपळत गेले तर तक्रार काय, बायको पोराला सकाळच्या डब्यात रोज नूडल्स देते. “तुम्ही तिला कायद्याचा धाक दाखवा मॅडम, माझं ऐकत नाही ती.” औरंगपुऱ्यातले एक कापड दुकानदार तर माझी रिक्षा थांबवून म्हणाले, “मॅडम, एखादी पोरगी बघा की दत्तक घ्यायला. दोन-तीन वर्षांची. गोरी असली तर बरं.” साडी दाखवा म्हटल्यासारखं! मी भर रस्त्यात त्यांना इतकं बोलले की शेजारचा पानवाला बाहेर येऊन उभा राहिला. माझा स्वभाव तापट आहे, हे मला मान्य आहे. पण मला सांगा, शांत माणसानं या कामात करायचं काय?

गृहभेटीत काय बघायचं असतं, ते कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. लेकरू झोपतं कुठं, ते बघायचं. दप्तर खुंटीला आहे का माळ्यावर, ते बघायचं. मोठं माणूस खोलीत आलं की लेकराचं बोलणं थांबतं का, ते बघायचं. चहाचा तर वेगळाच ताप. घेतला तर आमच्या कार्यालयातले साहेब म्हणणार, पक्षपात. नाही घेतला तर घरची बाई समजणार, आमच्या हातचं चालत नाही मॅडमला. मी घ्यायचे. साहेबांना सांगायचे, निम्मा घेतला.

आणि मग अहवाल. त्याचा छापील नमुना असतो. घराचे बांधकाम, शौचालय, उत्पन्न, शेजाऱ्यांचे मत, सगळ्याला भरपूर जागा. सगळ्यात खाली एक रकाना, ‘बालकाचे म्हणणे’. त्याला दीड ओळ. ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, त्याला दीड ओळ, आणि शौचालयाला चार! त्या दीड ओळीत सगळे एकच लिहायचे: ‘घरी जाण्यास इच्छुक आहे’ किंवा ‘इच्छुक नाही’. भाषा प्रमाण लागते. नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा पोराचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, तर साहेबांनी लाल पेनानं त्यातला प्रत्येक ‘नाय’ ‘नाही’ करून कागद परत पाठवला. मग मी शिकले. इतकी शिकले की पुढं नव्या पोरापोरींना साहेब माझेच अहवाल वाचायला द्यायचे. “बघा, सोनवणे मॅडमच्या अहवालात एक चूक सापडणार नाही.” मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, चांगलाच होता.

तर त्या बिनचूक अहवालांतला एक मी इथं सांगणार आहे. पोरीचं नाव बदललंय, आणि तिच्या घरच्यांचीही. वैष्णवी म्हणू. हल्ली दर दुसऱ्या घरात एक वैष्णवी असते, त्यामुळं कुणी रागवायचं कारण नाही.

हेल्पलाइनवर फोन आला की फुलंब्रीजवळच्या एका गावात तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावून तिला सासरी नांदवतायत. फोन करणारा तरुण उत्साही. आमच्याच जनजागृतीच्या कार्यक्रमात त्याला नंबर मिळालेला. म्हणजे दोष देणार कुणाला? मी, एक महिला पोलीस आणि गाडीवर आमचे निसारभाई, असे तिथं गेलो. निसारभाई म्हणजे कार्यालयाच्या भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर. जिल्ह्यातली प्रत्येक वाडी-वस्ती त्यांना पाठ, आणि माझ्या रागाला न घाबरणारा तो एकच माणूस.

घरात मोठ्यांपैकी कुणी नव्हतं, फक्त पोरगी आणि बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा. पोरीच्या हातावर मेंदी. शेजारच्या म्हातारीला विचारलं, ही पोरगी कुणाची? ती म्हणाली, “लासूरच्या मंदाची. हितं दिलीय.” झालं! मेंदी, तरुण पोरगा आणि ‘दिलीय’. अशा वेळी पोरीला तिथं ठेवता येत नाही. संध्याकाळच्या आत आम्ही तिला समितीपुढं नेलं, आणि चौकशी होईपर्यंत तिची सोय मुलींच्या बालगृहात झाली.

चार दिवसांत सगळं उलगडलं. ‘दिलीय’ म्हणजे लग्नात दिलेली नव्हती. लासूर स्टेशनच्या मंदाला चौथी मुलगीच झाली, आणि फुलंब्रीकडं दिलेल्या तिच्या बहिणीला, सुमनला, मूल नव्हतं. बारशाच्या दिवशीच मंदानं पोरगी बहिणीच्या ओटीत घातली. आपल्याकडं हे सर्रास चालतं. कागद नाही, सही नाही, ओटीत घातली की झालं. मेंदी गावातल्या लग्नाची, आणि तो पोरगा सुमनच्या नवऱ्याचा पुतण्या. तो काकाबरोबर रोज चिकलठाण्याला कंपनीत जायचा, त्या दिवशी ताप आला म्हणून घरी होता. मी त्या फोन करणाऱ्या तरुणाला चांगलं फैलावर घेतलं. “अरे, शब्द ऐकला की अर्थ विचारावा माणसानं! दिली म्हणजे काय दिली, कशाला दिली, एवढं विचारायला तुझं काय जात होतं?” असं मी त्याला म्हणाले, आणि ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं.

आता प्रश्न उरला, पोरीला पाठवायचं कुठं? सुमनकडं कागद नाही. लासूरला जन्मदाते आईबाप धडधाकट. मी पोरीला भेटायला बालगृहात गेले. तिथल्या ताई म्हणाल्या, चार दिवस धड जेवली नाही. मी तिला जवळ बसवून विचारलं, “तुला कुठं जायचंय बाळा?”

“मायकडं,” ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

मी अहवाल लिहिला. ‘बालकाचे म्हणणे: बालिका आईकडे जाण्यास इच्छुक आहे.’ एका ओळीतच बसलं. समितीनं तो वाचला, मंदाला बोलावलं, तिनं ‘सांभाळते’ म्हणून सही केली, आणि आदेश निघाला: बालिकेस लासूर स्टेशन येथे आईच्या ताब्यात द्यावे. समितीचं यात काय चुकलं? काही नाही. कागदात जे होतं, त्यावर त्यांनी बरोबर निर्णय दिला.

आदेश निघाला त्या दिवशी सुमन कार्यालयाच्या बाकावर सकाळपासून बसलेली होती, मांडीवर डबा घेऊन. हाडाची बारीक, रापलेली बाई. पहिल्याच दिवशी तिनं मला प्रामाणिकपणानं सांगितलं होतं, “म्या मावशी हाय तिची, पोटची नाय.” मी तेच फाईलला लिहिलं होतं. मी बाहेर आले तशी ती उठली.

“मॅडम, तिला एकडाव इचारा ना.”

“विचारलं हो बाई,” मी म्हणाले. माझ्या हातात त्या दिवशी आणखी तीन फायली होत्या. “तीच म्हणाली, आईकडं जायचं.”

“ती म्हनली?”

“हो. तीच.”

ती डबा बाकावर ठेवून चालू लागली. मी मागून हाक मारली, “डबा राहिला!” तर वळलीसुद्धा नाही. डब्यात धपाटे होते. ते मी नेऊन वैष्णवीला दिले. तिनं सगळे खाल्ले, आणि मला वाटलं, चला, जेवली एकदाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन आम्ही निघालो. ती खुशीत होती. वेणी घट्ट घातलेली, पिशवी पोटाशी धरलेली, आणि तोंडाचा पट्टा चालू. तिची शाळा, सातवीच्या बाई, घरची शेळी. शहराबाहेरचं मिटमिटा गाव मागं पडलं तशी ती खिडकीतून मागं-पुढं बघायला लागली.

“मॅडम, हर्सूल कवा येतंय?”

“हर्सूल कशाला येईल? ते फुलंब्रीच्या रस्त्याला. आपण लासूरला चाललोय.”

“कामून?”

“कामून म्हणजे? तूच म्हणालीस ना, आईकडं जायचं म्हणून!”

“आई नाय,” ती म्हणाली. “माय. म्या माय म्हनलं व्हतं.”

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, बघा. मी चिडून म्हणाले, “अगं, माय काय आणि आई काय, एकच की!”

“एक कसं? आई लासूरला हाय. माय घरी हाय.”

निसारभाईंनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. आरशात बघून म्हणाले, “म्याडम, हमारे घर में बी दादी को अम्मा बोलते, मां को अम्मी. दोनो एकीच नै होते.”

लासूरची भावंडं मंदाला आई म्हणायची, त्यांचं ऐकून हीसुद्धा आई म्हणायची. जिनं वाढवलं ती माय. इतकं साधं होतं. मीही याच मातीतली. माझी आई माझ्या आजीला ‘माय’च म्हणायची. पण मी ते पोरीच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या हातानं त्याचं शुद्ध मराठी केलं. त्या तरुणाला अर्थ विचारायचं शिकवणारी मी, आणि मला एक प्रश्न सुचला नाही: माय म्हणजे कोण? आणि सुमनला मी तोंडावर सांगितलं होतं, तीच म्हणाली म्हणून. त्या बाईनं रात्र कशी काढली असेल, हे मनात आलं आणि मला गाडीत बसवेना.

मी रस्त्यावर उतरून साहेबांना फोन लावला. साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त त्यांना कागदाबाहेरचं काही ऐकूच यायचं नाही. “मॅडम, आदेश हातात आहे ना? मग तो पाळा. आदेशाबाहेर एक पाऊल टाकू नका. परत अर्ज करू.”

“साहेब, पोरगी नाही म्हणतेय.”

“आईकडे जायचं म्हणाली, असं तुम्हीच लिहिलंय.”

मी गाडीत बसले. वैष्णवीनं विचारलं, “परत फिरायचं ना?” मी म्हणाले, “चार दिवस. फक्त चार दिवस, मी येते न्यायला.” ती रडली नाही. लासूर येईपर्यंत पिशवी घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसली, आणि निसारभाईंनी आरशात बघितलं नाही.

मंदाच्या घरी पोरीला सोपवलं, सह्या घेतल्या. मंदानं चहा ठेवला, आणि चुलीपाशीच हळूच मला म्हणाली, “मॅडम, एक सांगू का? एक दिस झाला न्हाई आदेश निघून, तर हिच्या बापाला पाव्हण्यानं इचारलंय. पोरगं चांगलं हाय म्हनं. ते म्हनतेत, आता घरी आलीच हाय तर बघू.” ते तिनं सांगितलं भीतीनं, का मी थांबवावं म्हणून, ते आजही मला सांगता येत नाही. मी मात्र पेटले. नवऱ्याला समोर बोलावून कायदा, पोलीस, तुरुंग, सगळं ऐकवलं. तो मान डोलवत राहिला. अशी मान डोलवणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. बालविवाह थांबवायला निघालेल्या आम्ही, आणि पोरीला लग्न नसलेल्या घरातून उचलून स्थळ आलेल्या घरात नेऊन बसवलं. यावर हसावं का रडावं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं बसले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि मला दोन वाटा सांगितल्या.

“एक, तुम्ही लेखी द्या की मागच्या अहवालात बालिकेचं म्हणणं तुम्ही चुकीचं लिहिलंत. लगेच दुरुस्ती होईल. पण मग विचारणा होईल. आधीच्या अहवालांचं काय, हेही विचारतील. पुढच्या महिन्यात तुमचा करार नव्यानं व्हायचाय, ते तुम्हाला माहीतच आहे.” आमची नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर असायची. “दोन, लासूरचं स्थळ कळवून बालिकेला परत समितीपुढं आणा. ती स्वतः सांगेल कुठं जायचं ते. लेकरांचं मन बदलतं. तुमच्यावर काही येत नाही.”

मी दुसरी वाट घेतली. एका मिनिटात घेतली. मनाला सांगितलं, माझं नाव मध्ये आलं तर चौकशीत वेळ जाईल, आणि वेळ तर पोरीकडं नाही. हे खरंही होतं. पण ते सगळं खरं नव्हतं. मुलगा पुण्याला शिकत होता, मला नोकरी हवी होती, आणि साहेबांनी नव्या पोरांना माझे अहवाल वाचायला द्यायचं बंद केलं असतं, तेही मला नको होतं. शेवटचं कारण लिहिताना मला माझीच लाज वाटते.

चौथ्या दिवशी वैष्णवी आली. शब्द पाळला, एवढं समाधान. समितीच्या खोलीबाहेर बाकावर मी तिच्याशेजारी बसले. या कामातला पहिला नियम असा की लेकराच्या तोंडात शब्द घालायचा नाही. हा नियम मी स्वतः दहा ठिकाणी प्रशिक्षणात शिकवलाय, फळ्यावर लिहून. आणि मी तिला म्हणाले, “हे बघ, आत गेल्यावर माय म्हणायचं नाही. मावशी म्हण.”

ती माझ्याकडं बघायला लागली. “पन ती माझी माय हाय.”

“हो गं. पण कागदात ती मावशी आहे. तू माय म्हणालीस की त्यांना वाटणार आई. आई म्हणजे लासूर, मावशी म्हणजे फुलंब्री. कळलं? आणि नीट बोल. मला मावशीकडे जायचं आहे. म्हण बरं.”

“मला मावशीकडं...”

“कडे.”

“मला मावशीकडे जायचं आहे.”

तीनदा म्हणवून घेतलं. तिनं हळूच विचारलं, “फकस्त आज ना?”

“फक्त आज,” मी म्हणाले.

आत एका बाजूला मंदा आणि तिचा नवरा, दुसऱ्या बाजूला सुमन. सुमनची मान खाली. तिला अजून माहीत नव्हतं की पोरीनं लासूर मागितलंच नव्हतं. ते तिला सांगायला माझी जीभ रेटली नव्हती. अध्यक्ष बाईंनी मायेनं विचारलं, “बाळा, तुला कुणाकडं राहायचंय?” वैष्णवी ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “मला मावशीकडे जायचं आहे.”

सुमननं झटकन मान वर केली. पोरगी आपल्याला मागतेय हे तिला कळलं, आणि कुठल्या नावानं मागतेय तेही कळलं. आधी चेहरा फुलला, आणि मग तिनं पदर तोंडाशी नेला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. अध्यक्ष बाई म्हणाल्या, “किती स्पष्ट बोलते मुलगी!” मागच्या वेळचं कुणी विचारलं नाही. लासूरच्या स्थळाबद्दल बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं, पोरीला सुमनच्या ताब्यात दिलं, आणि तिच्या भल्यासाठी दर तीन महिन्यांनी आमची गृहभेट ठेवली. दत्तकाचा रीतसर कागद झाला तर गोष्ट वेगळी, पण त्यावर मंदाचा नवरा सही करायला तयार नव्हता, आणि पुढंही झाला नाही. त्यामुळं पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत भेटी. ही भेटींची अट मीच मागून घेतली होती, बापानं परत काही करू नये म्हणून.

फुलंब्रीला सोडताना गाडीत दोघी मागं बसल्या होत्या. सुमननं पोरीचा हात सोडला नाही. मी पुढच्या सीटवरून त्या दिवशीचं सगळं सुमनला सांगितलं. ती माय म्हणाली होती, मी आई लिहिलं, सगळं. म्हटलं, आता शिव्या देईल, देऊ दे. ती एवढंच म्हणाली, “मंग त्या दिवशी बी ती मलाच म्हनली व्हती का?” मी हो म्हणाले. “मंग बरंय,” ती म्हणाली. निसारभाई त्या दिवशी गाडी फारच सावकाश चालवत होते. करार माझा पुढच्या महिन्यात झाला. शेरा उत्तम.

तीन महिन्यांनी मी पहिल्या भेटीला गेले. पोरगी अंगणात अभ्यासाला बसली होती, आठवीची नवी पुस्तकं पुढ्यात. मला बघितल्या बघितल्या उठून उभी राहिली, आणि आत वळून हाक मारली, “मावशी, मॅडम आल्या आहेत!”

सुमन हात पुसत बाहेर आली. मी म्हणाले, “अजून मावशीच?”

“तवापासून तसंच म्हनती,” सुमन म्हणाली. “शाळंत तेच, घरात तेच. झोपंत बी तेच. म्हनलं, म्हन बाई, घरात हायेस ना.” ती हसली, आणि चहा ठेवायला आत गेली. माझ्या समोर थांबली नाही.

मी वैष्णवीला जवळ बोलावलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तो स्वतःचाच. “अगं, मी म्हणाले होते ना, फक्त आज. संपलं ते. आता मायला माय म्हण.”

“नको.”

“का? कुणी काही म्हणणार नाही.”

ती पुस्तकाचं पान बोटानं दुमडत राहिली. मग अगदी समजूत घातल्यासारखं, माझ्याहून मोठी असल्यासारखं म्हणाली, “तुमी येनं बंद झालं ना, की म्हनन.”

भेटी अठरापर्यंत होत्या. तेव्हा तिला तेरावं सरलं होतं.